रिकाम्या चौथऱ्यावरची देवी: नवअभिजात संगमरवरी शिल्प पाहायचं कसं

१८०२ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सची व्हीनस, म्हणजे रोमन प्रेमदेवतेची जुनी संगमरवरी मूर्ती, गेली. फ्रेंच सैन्यापासून वाचवायला तिला आधीच सिसिलीतल्या पालेर्मोला हलवलं होतं, पण नेपोलियनच्या माणसांनी तिथूनही ती मिळवली आणि पॅरिसला नेली. उफिझी संग्रहालयातल्या ‘ट्रिब्यूना’ नावाच्या अष्टकोनी दालनात तिची जागा रिकामी राहिली. तिची हुबेहूब नक्कल करून द्या, असं त्या काळातला सर्वांत नावाजलेला शिल्पकार अंतोनियो कानोवा याला सांगण्यात आलं. त्याने नक्कल केली नाही. बऱ्याच वर्षांनी, १८१२ मध्ये, त्याने फ्लॉरेन्सला पाठवली ती त्याची स्वतःची व्हीनस. पुढे तीनच वर्षांत नेपोलियन पडला आणि जुनी व्हीनस घरी परतली. आज दोघी एकाच शहरात, आर्नो नदीच्या दोन काठांवर आहेत.

नवअभिजात शिल्प म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी व्याख्या सांगत नाही, या दोघींची गोष्ट सांगते. साधारण १७६० ते १८५० या काळात युरोपातल्या शिल्पकारांनी ग्रीक-रोमन देवींकडे पाहून जे संगमरवरी काम केलं, ते सगळं असंच आहे: हरवलेल्या किंवा लांबच्या एका मूर्तीला दिलेलं उत्तर. त्यामुळे नुसतं उत्तर पाहून भागत नाही, प्रश्नही माहीत हवा. हा लेख त्यासाठीच. युरोपच्या सहलीत संग्रहालयात शिरून ‘पांढऱ्या बायका’ बघत, फोटो काढत, वीस मिनिटांत बाहेर पडणाऱ्यांसाठी. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं.

निघण्याआधी: देवघरातली मूर्ती

सुरुवात घरातून करा. जयपूरहून आणलेली संगमरवरी लक्ष्मी किंवा विठ्ठल-रखुमाई बहुतेकांच्या देवघरात नसली तरी सोसायटीच्या मंदिरात तरी असते. तिच्याकडे नीट पाहा. डोळे रंगवलेले, ओठ लाल, साडीच्या काठाला सोनेरी रंग, कानात खरे दागिने. दगड पांढरा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. शिवाय ती समोरूनच पाहायची असते. तिची पाठ भिंतीला लागलेली असते आणि तिची नजर आपल्यावर.

हे दोन मुद्दे, रंग आणि समोरून पाहणं, डोक्यात ठेवा. पुढे दोन्ही उपयोगी पडतील, आणि एका ठिकाणी तर युरोपियन माणसापेक्षा तुम्हाला जास्त दिसेल.

पहिली पायरी: चेहऱ्याकडे नंतर, आधी पाय

माणसाची नजर चेहऱ्याकडे जाते, पण या मूर्तींचे चेहरे मुद्दामच शांत आणि जवळजवळ सारखे ठेवलेले असतात. विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने १७५५ मध्ये ग्रीक कलेचा मोठेपणा तिच्या साधेपणात आणि स्थिरतेत आहे असं मांडलं, आणि पुढची दोन-तीन पिढ्या शिल्पकारांनी ते पाळलं. म्हणून चेहऱ्यावरून फार काही कळत नाही. पाय मात्र बोलतात.

देवीचा भार कुठल्या पायावर आहे ते शोधा. एक पाय ताठ, दुसरा गुडघ्यात सैल, त्यामुळे एका बाजूचं कंबरेचं हाड वर चढलेलं आणि त्याच बाजूचा खांदा खाली आलेला. बसथांब्यावर ताटकळलेला माणूस असाच उभा असतो. इटालियन लोक याला ‘कोन्त्रापोस्तो’ म्हणतात. आपल्याकडचा त्रिभंग याच्याजवळचा, पण तो जास्त लयदार असतो, नाचाच्या अंगाने जातो. ग्रीक उभं राहणं त्यामानाने घरगुती वाटतं.

मग पायाशेजारी काय आहे ते पाहा. झाडाचं खोड, घडा, डॉल्फिन, किंवा जमिनीपर्यंत आलेलं वस्त्र. नवख्यांना ही सजावट वाटते. खरं म्हणजे तो टेकू आहे. संगमरवर दाब मुकाट सोसतो, पण ताण आला की तडकतो. ग्रीकांच्या अनेक मूळ मूर्ती ब्राँझच्या होत्या, आतून पोकळ, त्या दोन घोट्यांवर आरामात उभ्या राहत. रोमन कारागिरांनी त्यांच्या संगमरवरी नकला केल्या तेव्हा सगळं वजन त्या बारीक घोट्यांवर आलं, म्हणून शेजारी खोड आलं. फ्लॉरेन्सच्या जुन्या व्हीनसच्या पायाशी डॉल्फिन आहे, त्यावर छोटे मदन खेळताहेत. गोष्टीत तो समुद्रातून आलेल्या देवीची खूण, कामात तो तिचा आधार.

नवअभिजात शिल्पकाराची हुशारी या टेकूत दिसते. कानोवाने देवांना अमृत वाढणाऱ्या हीबी या तरुण देवीच्या चार मूर्ती केल्या. पहिल्या दोन, बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गमधल्या, ढगावर उतरताना दाखवल्या आहेत. संगमरवराचा ढग! त्यावर टीका झाली. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या आणि इटलीतल्या फोर्लीच्या पुढच्या दोन मूर्तींत ढग गेला आणि खोड आलं. मला विचाराल तर ढगवाली हीबी जास्त धाडसी आहे आणि खोडवाली जास्त शहाणी.

दुसरी पायरी: प्रदक्षिणा

आता मूर्तीभोवती फिरा. देवळात घालतो तशीच, पण सावकाश. दर चार पावलांनी थांबायचं.

प्राक्सितेलीस या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात क्निडोस या गावासाठी ॲफ्रोडाइटीची, म्हणजे ग्रीकांच्या व्हीनसची, नग्न मूर्ती केली. पूर्णाकार नग्न देवी ही त्या काळात नवीच गोष्ट होती. ती सगळीकडून पाहता यावी असं तिचं देऊळ होतं, असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. मूळ मूर्ती आता नाही. पण एक हात पुढे घेऊन लाज झाकणारी तिची ठेवण शेकडो नकलांतून उरली, आणि फ्लॉरेन्सची व्हीनस त्याच घराण्यातली. म्हणजे या मूर्तींत पाठीला समोरच्या बाजूइतकाच मान आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं कानोवाचं क्यूपिड आणि सायकी हे प्रेमी जोडप्याचं शिल्प असेल तर प्रदक्षिणेशिवाय ते कळतच नाही. एका बाजूने पंख, दुसऱ्या बाजूने हातांचं वर्तुळ, मागून वेगळीच गुंतागुंत. त्याच्या बैठकीला चक्क एक मूठ आहे, मूर्ती फिरवण्यासाठी. आता ती कुणी फिरवत नाही, आपणच फिरायचं.

फिरताना पाठीवरची पिशवी पुढे घ्या, आणि काही झालं तरी टेकू किंवा बसू नका. इटलीतल्या पोसान्यो गावी, कानोवाच्या जन्मगावी, त्याच्या प्लास्टरच्या मूर्तींचं संग्रहालय आहे. तिथे २०२० मध्ये एक पर्यटक फोटोसाठी पाउलिना बोर्गेझे या नेपोलियनच्या बहिणीच्या मूर्तीवर टेकला आणि तिच्या पायाची बोटं मोडली. हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, मला अजून होतो. पण हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं, आणि वर्षानुवर्षांच्या बोटांनी त्याचे काळपट डाग पडतात.

तिसरी पायरी: हात आणि नाक संशयाने पाहा

हे जुन्या मूर्तींसाठी. जमिनीखालून निघालेल्या मूर्तीचं नाक, बोटं आणि हात बहुधा गेलेले असतात. सतराव्या-अठराव्या शतकात ते सरळ नवीन करून बसवत. फ्लॉरेन्सच्या व्हीनसचे हात एर्कोले फेराता या सतराव्या शतकातल्या शिल्पकाराने जोडलेले आहेत. बोटं फार लांब आणि नाजूक, बाकीच्या अंगाशी न जुळणारी. एकदा कळलं की मग तेच दिसत राहतं.

पाटीवर ‘रोमन कॉपी’, ‘रिस्टोअर्ड’ किंवा एखाद्या ग्रीक नावाआधी ‘आफ्टर’ असं लिहिलेलं असेल तर तिथे थांबा. ‘आफ्टर’ म्हणजे त्याने केलेली नाही, त्याच्या मूर्तीवरून केलेली. या तीन शब्दांत बरीच माहिती असते.

या बाबतीत त्या काळातल्या दोन थोर माणसांची मतं वेगळी होती. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळातल्या मूर्ती दुरुस्त करा, अशी त्या इंग्लंडला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनने कानोवाला विनंती केली. त्यांना कुणीही छिन्नी लावू नये म्हणून त्याने नकार दिला. डेन्मार्कच्या बेर्टेल थोरवाल्डसेनने मात्र एजिना बेटावरच्या अफेया देवीच्या देवळातल्या मूर्तींना नवे अवयव बसवून दिले. त्या मूर्ती आता म्युनिकमध्ये आहेत, तिथे विसाव्या शतकात ते अवयव पुन्हा काढून टाकले. माझं मन कानोवाच्या बाजूचं, पण थोरवाल्डसेनचे जोड होते तितके दिवस लोकांना पूर्ण मूर्ती दिसली, हेही खरं.

आणखी एक गोंधळ इथेच सोडवू. आज व्हीनस म्हटलं की हात तुटलेली मिलोची व्हीनस आठवते. ती मिलोस बेटावर १८२० मध्ये सापडली आणि कानोवा १८२२ मध्ये गेला. त्याच्या देवींचा तिच्याशी संबंध नाही. त्याच्या पिढीने मुख्यतः रोमन नकला पाहिल्या होत्या आणि ग्रीस त्यांतून ओळखला होता. पार्थेनॉनच्या मूर्ती त्याने लंडनला पाहिल्या तेव्हा तो ५८ वर्षांचा होता.

चौथी पायरी: त्वचा, केस, कापड

आता जवळ जा, दोरी असेल तिथपर्यंत. खिडकीचा उजेड मूर्तीवर बाजूने पडत असेल अशी जागा शोधा. समोरून पडलेल्या उजेडात संगमरवर साबणासारखा सपाट दिसतो. कानोवा शेवटचा हात मेणबत्तीच्या उजेडात फिरवत असे, त्याचं कारण हेच. तिरप्या उजेडात केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. मोबाईलचा टॉर्च मात्र लावू नका, रखवालदार धावत येतील.

अंगाचा भाग गुळगुळीत, केस खरबरीत, कापड त्या दोन्हींच्या मधलं: हा फरक हत्यारांचा आहे. टोकदार छिन्नीने ओबडधोबड काढायचं, दातेरी छिन्नीने आकार आणायचा, मग सपाट छिन्नी, कानस आणि शेवटी प्यूमिसचा दगड. केसांच्या बटांत आणि कापडाच्या खोल चुण्यांत काळी छिद्रं दिसतील, ती सामत्याची. धनुष्यासारखी कमान मागेपुढे ओढून भोक पाडायचं, तेच हत्यार. कानोवा तर अंगावरचा पांढरेपणा मोडायला हत्यारांना धार लावताना चाकाखाली साचणारं मळकट पाणी मूर्तीला लावायचा. त्याला दगड चमकवायचा नव्हता, त्वचेसारखा करायचा होता.

कापडाबद्दल जरा थांबू, कारण इथे मराठी डोळा फार कामाचा. नऊवारीचा काष्टा, निऱ्या आणि पदराचा भार कुठे पडतो हे आपल्याला आईकडे पाहून ठाऊक असतं. ग्रीक वस्त्रही शिवलेलं नसतं, ते खांद्यावर अडकवतात आणि कमरेला बांधतात. ते कुठून सुरू झालं आणि कशाच्या आधाराने थांबलं, हे शोधत बसा. चांगल्या शिल्पकाराचं कापड उलगडून पुन्हा नेसता येईल असं असतं. सुमार कामात चुण्या नुसत्या सजावटीच्या असतात, त्यांना सुरुवात नसते.

याचं आपल्याकडचं उदाहरणही आहे. शिल्पकार गणपत काशिनाथ म्हात्रे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती घडवली, प्लास्टरमध्ये. जे. जे.मध्ये तेव्हा ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून विद्यार्थ्यांचा हात बसवत. तिचं छायाचित्र पाहा. भार एका पायावर, अंगाला लगटलेलं वस्त्र, खाली झुकलेली शांत नजर, सगळं त्या शाळेतलं. पण वस्त्र आहे नऊवारी, आणि ती व्हीनस नाही, देवळाला निघालेली मुलगी आहे. फ्लॉरेन्सच्या रिकाम्या चौथऱ्याला मुंबईने दिलेलं हे उत्तर, असं मी मानते.

पाचवी पायरी: रंग कुठे गेला?

आता देवघरातली मूर्ती आठवा. फ्लॉरेन्सच्या जुन्या व्हीनसच्या केसांवर सोन्याचा मुलामा होता, ओठांवर लाल रंग होता आणि कानांना भोकं आहेत, कुड्या घालण्यासाठी. २०१२ च्या दुरुस्तीत या खुणा नीट तपासल्या गेल्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ती दिसायची ती जयपूरच्या लक्ष्मीसारखी, कानोवाच्या व्हीनससारखी नव्हे.

मातीने आणि पावसाने रंग उतरले, आणि अठराव्या शतकाने त्या उतरलेल्या पांढऱ्यालाच सौंदर्य समजून नव्या मूर्ती पांढऱ्या घडवल्या. एवढ्या मोठ्या शैलीच्या मुळाशी एक गैरसमज आहे, आणि त्याने काही बिघडलं असं मला वाटत नाही. काही जणांना शंका आली होती. कानोवाने हीबीचे गाल किंचित रंगवले, तिच्या हातात सोनेरी ब्राँझचा पेला दिला, तर लोक कुरकुरले. वेल्समध्ये जन्मलेल्या जॉन गिब्सनने १८५० च्या दशकात आपल्या व्हीनसला मेणात कालवलेला त्वचेचा रंग, निळे डोळे आणि सोनेरी केस दिले. लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनात ती दाखवली तेव्हा मोठा वाद झाला. आता ती लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. आपल्याला तिच्यात धक्कादायक काहीच वाटणार नाही. उलट, फार बेताने रंगवलीय असंच वाटेल.

सहावी पायरी: मूर्ती कुणी केली?

पाटीवर ‘कानोवा’ लिहिलेलं असतं, पण दगडावरचे बहुतेक घाव त्याचे नसतात. हे पेणच्या गणपती कारखान्यात गेलेल्याला चटकन कळेल. आधी मातीची मूळ मूर्ती, तिचा साचा, साच्यातून प्लास्टर. कारखान्यातली मुलं भराभर पुढचं काम करतात, पण डोळ्यांची आखणी मुख्य कारागिराच्याच हातची. कानोवाच्या रोममधल्या कारखान्यातही साधारण हेच होतं. तो मातीत पूर्णाकार मूर्ती करायचा, तिचं प्लास्टर निघायचं, प्लास्टरवर ठिकठिकाणी ब्राँझचे छोटे खिळे ठोकायचे. कंपास आणि लाकडी चौकटीने त्या खिळ्यांची अंतरं मोजून मदतनीस काराराच्या संगमरवरात तेवढंच खोल जायचे. शेवटचा हात, म्हणजे त्वचा, केस, डोळ्यांच्या कडा, कानोवाचा.

पोसान्योच्या त्या प्लास्टरांवर हे खिळे अजून आहेत, अंगभर गोवर उठल्यासारखे. माझ्या मते नवख्याने संगमरवराआधी हे पाहावं. व्हेनिसहून दिवसभरात जाऊन येता येतं. एकाच मूर्तीच्या चार-चार ‘मूळ’ प्रती कशा असू शकतात, हे कोडंही तिथेच सुटतं.

फ्लॉरेन्सचा दिवस

उफिझी आणि पिट्टी राजवाडा, दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा मुक्काम त्यानुसार ठरवा आणि उफिझीचं तिकीट आधीच काढा. सकाळी पहिल्या वेळेला उफिझी. ट्रिब्यूनात आत सोडत नाहीत, दारातूनच पाहावं लागतं. त्यामुळे प्रदक्षिणा नाही. छोटी दुर्बीण असेल तर न्या, लोक बघतात पण बघू देत. लाल भिंती, शिंपल्यांनी मढवलेला घुमट आणि त्यात जेमतेम दीड मीटरची देवी. लहानखुरीच आहे. डॉल्फिन, जोडलेले हात आणि केस एवढंच शोधा, एका दालनाच्या दारातून एवढं पुष्कळ.

मग जेवून, पोन्ते वेक्यो ओलांडून पिट्टी राजवाडा. चालत पंधरा मिनिटंही लागत नाहीत. तिथल्या पालातिना दालनांतल्या व्हीनसच्या खोलीत कानोवाची व्हीनस मोकळी उभी आहे, आजूबाजूला तिशियनची चित्रं. ती जुनीपेक्षा वीतभर उंच आहे. पहिल्या पायरीपासून सगळ्या इथे करा, घाई न करता. वही असेल तर पेन्सिलीने चार रेघा मारा, चित्र वाईट आलं तरी डोळा थांबतो.

सहकुटुंब जात असाल तर नग्नतेचा प्रश्न येतो. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या आणि मी उगाच अवघडून दुसऱ्याच चित्राबद्दल बोलत होते. त्यांनी शांतपणे एक फेरी मारली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही न्हाऊन आलीय, टॉवेल घेतलाय, आणि तेवढ्यात कुणीतरी दारात आलंय.’’

मी म्हटलं, ‘‘आई, एवढं कळायला लोक पुस्तकं वाचतात.’’

फरक नेमका तोच आहे. जुनीच्या अंगावर काही नाही, तरी ती कुणाला घाबरलेली नाही. कानोवाच्या देवीने वस्त्र छातीशी घट्ट धरलंय, अंग आक्रसलंय, मान झटकन वळलीय. उगो फोस्कोलो या त्या वेळच्या इटालियन कवीनेही जुनीला देवी आणि हिला सुंदर स्त्री म्हटलं होतं. शिवाय ते वस्त्र छातीपासून पायापर्यंत खाली येतं आणि डॉल्फिनचं कामही करतं.

विमानाचं तिकीट नसेल तर

सराव मुंबईतही होतो. हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनवर उभी आहे ती फुलांची रोमन देवी, जेम्स फोर्सिथने घडवलेली. कारंजं १८६४ चं. दगड संगमरवर नाही, इंग्लंडातला पोर्टलँड दगड आहे, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे कडा बोथट का दिसतात ते कळेल. तिथून वीर नरिमन मार्गाने पूर्वेला गेलात की सेंट थॉमस कॅथीड्रल. आत भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत. ग्रीक वस्त्रातल्या, घड्यावर रेलून शोक करणाऱ्या बायका. भिंतीमुळे प्रदक्षिणा नाही, पण पहिली आणि चौथी पायरी इथे निवांत करता येते, गर्दी नसते. जरा पुढे टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीत, फ्रान्सिस चँट्रीने केलेले एल्फिन्स्टन आणि माल्कम या मुंबईच्या जुन्या गव्हर्नरांचे पुतळे आहेत. देवी नाहीत, पण संगमरवर उत्तम.

मराठवाड्यातल्यांना आणि सोलापूरकरांना हैदराबाद जवळ. सालारजंग संग्रहालयातली बेन्झोनीची बुरखा घेतलेली रिबेका बायबलमधली आहे, देवी नव्हे, पण कापडाचा धडा तिच्याइतका कुणी देत नाही. पातळ बुरख्यातून चेहरा दिसतो असं वाटतं. दगड पारदर्शक नसतो. चेहऱ्याचे उंचवटे आणि त्यांवरून जाणाऱ्या बारीक चुण्या एकाच पातळीत कोरल्यात, एवढंच. बाजूला सरका आणि खिडकीचा उजेड तिरपा पडू द्या, म्हणजे बुरखा कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो ते शोधता येईल. मला अजून सापडलेलं नाही.